चार नळ्यांची ओळखपरेड

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागतो. सार्वजनिक विहीर, हातपंप, नळयोजनेची टाकी यांच्या पाण्याचा तो तपासणी अहवाल असतो. त्यावर ‘कोलिफॉर्म जिवाणू आढळले, पाणी पिण्यास अयोग्य’ असा शेरा असला की ठरलेला प्रश्न येतो: “हेच पाणी आम्ही वर्षानुवर्षं पितोय, कुणाला काही झालं नाही. मग यात सापडलं तरी काय?”

प्रश्न रास्त आहे. त्या शेऱ्याचा अर्थ ‘पाण्यात रोगजंतू सापडले’ असा होत नाही. पण ‘काही बिघडलेलं नाही’ असाही होत नाही. मधली जी जागा उरते, ती समजून घ्यायची तर एक चमत्कारिक गट ओळखून घ्यावा लागतो. या गटातल्या जिवाणूंचं नातं रक्ताचं कमी आणि सवयींचं जास्त आहे.

१. पटकीचा जंतूच का शोधत नाहीत?

पटकी, विषमज्वर, हगवण हे पाण्यातून पसरणारे आजार. मग सरळ त्यांचेच जंतू का शोधू नयेत? कारण ते नेहमी नसतात. गावात रोगी असेल, त्याची विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली असेल, तरच ते असणार; आणि असले तरी इतके विरळ की बाटलीभर नमुन्यात येतीलच असं नाही. शिवाय प्रत्येक रोगजंतूची तपासणी वेगळी. आज पटकीचा जंतू सापडला नाही, म्हणून पाणी उद्या सुरक्षित असेल, असं म्हणता येत नाही.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे विष्ठेचाच माग काढणं. १८८५ साली म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शीचा बारकाईने अभ्यास केला. जन्मतः बाळाच्या पोटात जिवाणू जवळजवळ नसतात आणि पुढच्या काही तासांतच ते तिथे बस्तान मांडतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यांतल्या एका दांडीच्या आकाराच्या जिवाणूचं त्याने सविस्तर वर्णन केलं. तोच पुढे त्याच्या नावाने एशेरिशिया कोलाय, म्हणजेच ई. कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. निरोगी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेतही तो कोट्यवधींच्या संख्येने असतो. १८९२ मध्ये शार्डिंगर याने सुचवलं की पाण्यात हा जिवाणू सापडला तर विष्ठा मिसळल्याची खूण समजावी. विष्ठेला वाट मिळाली असेल, तर रोगजंतूलाही तीच वाट मोकळी आहे. पाण्याची जिवाणू तपासणी आजही याच तर्कावर उभी आहे.

२. चेहरा सारखा, म्हणून सवयी बघायच्या

मग सूक्ष्मदर्शकाखाली बघून ई. कोलाय ओळखता येत नाही का? नाही येत. ग्रॅमच्या पद्धतीने रंगवलं की हा गुलाबी, आखूड दांडीसारखा दिसतो. विषमज्वराचा जंतू तसाच दिसतो, हगवणीचा तसाच आणि मातीतले कित्येक निरुपद्रवी जिवाणूही तसेच. दिसण्यावरून यांत निवड करणं अशक्य.

तेव्हा जिवाणूशास्त्रज्ञांनी चेहरे बघणं सोडून दिलं आणि ताटं बघायला सुरुवात केली. पंगत उठल्यावर केळीच्या पानांवरून नजर फिरवली तरी वाढप्याला कळतं, कुणी ताक मागून घेतलं, कुणी मिरची बाजूला सारली, कुणी गोडाला हात लावला नाही. जेवणारा समोर असायची गरज नाही. जिवाणूला एखादा पदार्थ वाढायचा, रात्रभर उबेत ठेवायचं आणि सकाळी काय संपलं, काय उरलं, नवीन काय तयार झालं ते पाहायचं. ‘जैवरासायनिक गुणधर्म’ या भारदस्त शब्दामागे एवढंच आहे.

पहिला पदार्थ म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. परीक्षानळीत लॅक्टोज घातलेलं द्रव माध्यम घ्यायचं आणि त्यात एक चिमुकली नळी उपडी बुडवून ठेवायची. १८९८ मध्ये ड्यूरम यांनी काढलेली ही युक्ती अजून बदललेली नाही. जिवाणूने लॅक्टोज आंबवलं तर आम्ल तयार होतं आणि रंग बदलतो. सोबत वायू झाला तर तो उपड्या नळीत अडकून वर बुडबुडा दिसतो. ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानाला ४८ तासांच्या आत आम्ल आणि वायू दोन्ही तयार करणारा, ग्रॅम रंगात गुलाबी दिसणारा, बीजाणू न धरणारा आणि हवा असो वा नसो वाढणारा दांडीसारखा जिवाणू म्हणजे कोलिफॉर्म. प्रयोगशाळांनी दीर्घकाळ वापरलेली व्याख्या ती हीच.

माध्यमात आणखी एक खुबी असते. मॅकॉन्की यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात पित्ताचे क्षार घातले. आतड्यात पित्त सतत झिरपत असतं, त्यामुळे आतड्यात राहणाऱ्याला ते सोसतं. इतर बरेच जिवाणू त्यात गारद होतात. मॅकॉन्की आगरवर लॅक्टोज आंबवणाऱ्यांच्या वसाहती गुलाबी-लाल उठतात, न आंबवणाऱ्यांच्या फिकट राहतात.

ही व्याख्या नीट वाचली तर तिच्यातली गंमत कळते. तिच्यात कुळाचा पत्ता नाही, फक्त वागणुकीच्या अटी आहेत. विषमज्वराचा साल्मोनेला लॅक्टोज आंबवत नाही, म्हणून तो कोलिफॉर्म नाही. पटकीचा जंतूही नाही. हगवणीचा शिगेला तर डीएनएच्या हिशेबाने ई. कोलायच्याच पोटातला, काही शास्त्रज्ञ त्याला वेगळं नावसुद्धा देऊ नये म्हणतात. पण लॅक्टोजच्या नळीत तो मख्ख बसतो, म्हणून गटाबाहेर. उलट माती, धान्य, झाडपाला यांवर सुखाने जगणारे आणि माणसाच्या आतड्याशी फारसं देणंघेणं नसलेले काही जिवाणू लॅक्टोज आंबवतात म्हणून गटात. पाणी तपासणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेला हा गट आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

३. आतड्यातला की मातीतला?

हाच पुढचा पेच. नळीत बुडबुडा आला. पण आला कुणामुळे? विष्ठेतल्या ई. कोलायमुळे, की बांधावरून वाहून आलेल्या मातीतल्या त्याच्या भाऊबंदांमुळे? पहिला असेल तर शोषखड्डा किंवा गटार कुठे पाझरतंय ते शोधावं लागेल. दुसरा असेल तर कदाचित विहिरीचा कठडा नीट बांधला की भागेल.

याच्या उत्तरासाठी हळूहळू चार चाचण्या पुढे आल्या आणि त्यांच्या आद्याक्षरांना जोडून ‘इम्विक’ हे नाव पडलं: इंडोल, मिथाईल रेड, व्होग्ज-प्रॉस्काउअर, सिट्रेट. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेल्या कुणालाही विचारा. बाकीचं विसरलं असेल, इम्विकचा तक्ता विसरलेला नसतो.

*मधल्या दोन आधी.* मिथाईल रेड आणि व्होग्ज-प्रॉस्काउअर या जोडचाचण्या आहेत, एकाच नळीतलं द्रव दोन भागांत वाटून करतात. नळीत ग्लुकोज असतं. ग्लुकोज सगळेच कोलिफॉर्म खातात, पण खाऊन झाल्यावर करतात काय, यात फरक आहे. ई. कोलाय लॅक्टिक, ॲसेटिक, सक्सिनिक, फॉर्मिक अशी आम्लं ओतत सुटतो आणि त्याच आंबट पाण्यात बसून राहतो. क्लेबसिएला आणि एन्टेरोबॅक्टर या त्याच्या भाऊबंदांचीही सुरुवात आंबटच होते, पण पुढे ते आम्लाकडे जाणारी वाट सोडून ॲसिटॉइन आणि ब्युटेनडायॉल हे आम्ल नसलेले पदार्थ बनवू लागतात.

आता मिथाईल रेडचे चार-पाच थेंब टाकायचे. सामू साधारण ४.४ किंवा त्याखाली असेल तर द्रव लालभडक होतं; ई. कोलायचं होतं. सामू वर चढला असेल तर पिवळं. ही चाचणी निदान ४८ तास उबवल्यावरच करायची असते, आणि घाई करणारा इथे हमखास फसतो. पहिल्या दिवशी दोघांच्याही नळ्या आंबट असतात, दोन्ही लाल दाखवतात. क्लेबसिएलाला आपला आंबटपणा आवरायला वेळ द्यावा लागतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्लार्क आणि लब्ज यांनी १९१५ मध्ये ही चाचणी मांडली.

दुसऱ्या भागात अल्फा-नॅफ्थॉल आणि तीव्र पोटॅश टाकून नळी जोरात हलवायची. ॲसिटॉइन असेल तर हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं डायॲसिटिल होतं आणि ते माध्यमातल्या प्रथिनांच्या तुकड्यांशी मिळून गुलाबी-लाल रंग देतं. ताज्या लोण्याला जो खमंग वास येतो, त्यातही हेच डायॲसिटिल असतं. रंग यायला पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास लागतो, तोही वरून खाली उतरत येतो. नळी न हलवता स्टँडला ठेवून ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळे होणारे विद्यार्थी दर बॅचला असतात. हा रंग व्होग्ज आणि प्रॉस्काउअर यांनी बर्लिनमध्ये १८९८ साली नोंदवला. तो ॲसिटॉइनमुळे येतो, हे आर्थर हार्डन यांनी १९०६ मध्ये दाखवलं.

*इंडोल.* इथे साखर नाही, प्रथिनातलं ट्रिप्टोफॅन वाढायचं. ई. कोलाय ते फोडून इंडोल मोकळं करतो. २४ तासांनी कोव्हॅक्सचं द्रावण अलगद वर सोडलं की नळीच्या तोंडाशी चेरीच्या रंगाचं कडं उमटतं. खालचं द्रव होतं तसंच राहतं. बघायला ही चारांत सगळ्यात देखणी चाचणी. वास मात्र नको वाटतो, कारण विष्ठेच्या दर्पातला एक हिस्सा इंडोलचाच. आणि हेच इंडोल अगदी अल्प प्रमाणात जाई-मोगऱ्याच्या सुवासातही असतं, हे सांगितलं की वर्गात कुणाचाच विश्वास बसत नाही.

*सिट्रेट.* शेवटच्या नळीत उपासमारीची परीक्षा असते. कार्बन मिळवायला सिट्रेट सोडून काहीही ठेवलेलं नसतं. सिट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. मातीतल्या भाऊबंदांना तो चालतो. ते वाढतात, माध्यम अल्कधर्मी होतं आणि सिमन्सच्या आगरमधला ब्रोमथायमॉल ब्लू हिरव्याचा गर्द निळा होतो. ई. कोलायची नळी हिरवीच राहते. वास्तविक पेशीच्या आत सिट्रेट वापरायची सगळी यंत्रणा त्याच्याकडे आहे. अडचण दाराशी आहे: ऑक्सिजन असताना सिट्रेट आत घेणारं वाहक प्रथिन तो बनवत नाही.

या एका नकारावरून जीवशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग उभा राहिला. रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेत ई. कोलायच्या बारा वसाहती काचपात्रांत सुरू केल्या आणि रोज त्यांतला थोडा भाग नव्या माध्यमात घालत राहिले. माध्यमात ग्लुकोज अगदी कमी आणि सिट्रेट भरपूर होतं. वर्षानुवर्षं सगळे ते सिट्रेट तसंच सोडत आले. २००३ मध्ये एका सकाळी बारांतलं एक पात्र नेहमीपेक्षा खूप गढूळ दिसलं. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यातले जिवाणू हवेतही सिट्रेट खायला शिकले होते. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या खुणेवर ई. कोलाय ओळखायचा, तीच खूण ई. कोलायने डोळ्यांदेखत टाकून दिली. बाकीच्या अकरांनी मात्र तेव्हा तसं काही केलं नव्हतं, म्हणून प्रयोगशाळांनी सिट्रेटची नळी काही फेकून दिलेली नाही.

४. एक नमुना वाचून पाहू

समजा, एका आडाचं पाणी आलं आहे. आधी मोजणी: तीन नळ्यांत १० मिलिलिटर, तीनांत १ मिलिलिटर, तीनांत ०.१ मिलिलिटर पाणी घातलं. पहिल्या तिन्हींत बुडबुडे आले, दुसऱ्या तीनांपैकी एकीत, तिसऱ्यांत एकीतही नाही. ३-१-० हा आकडा तक्त्यात पाहिला की उत्तर मिळतं: १०० मिलिलिटरमध्ये ४३. अहवालात ‘एमपीएन’ म्हणून छापतात ती संख्या हीच. ती संभाव्यतेवरून काढलेला अंदाज असते. कुणी एकेक जिवाणू मोजलेला नसतो.

बुडबुडा आलेल्या नळीतलं थोडं द्रव मॅकॉन्की आगरवर ओढलं. दुसऱ्या दिवशी तीन तऱ्हेच्या वसाहती दिसल्या. एक गुलाबी, चपटी, कोरडी. दुसरी मोठी, गुलाबी, सुईने उचलावी तर तार सुटेल अशी चिकट. तिसरी फिकट गुलाबी. तिघींची इम्विक लावली.

पहिली: + + − −. हा ई. कोलायचा ठरलेला साचा.

दुसरी: − − + +. बरोबर उलटा. क्लेबसिएला किंवा एन्टेरोबॅक्टर; इम्विक यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून आणखी दोन नळ्या: ही हलत नाही आणि युरिया फोडते. तर क्लेबसिएला.

तिसरी: − + − +. शिवाय लोहाच्या क्षारात काळी पडते, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड बनवते. हा सिट्रोबॅक्टर.

आडात माती उतरते आहे हे खरं, पण पहिल्या वसाहतीने विष्ठेचीही साक्ष दिली आहे. बाकीच्या दोघींनी काहीही सांगितलं असतं तरी निकाल तोच लागला असता.

चार चाचण्या, प्रत्येकीची दोन उत्तरं, म्हणजे एकूण सोळा साचे. निसर्ग या सोळा खणांत मुकाट्याने बसत नाही. इंडोल न देणारे ई. कोलाय असतात, लॅक्टोज न आंबवणारेही थोडे असतात. नावांचंही तसंच: विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘एन्टेरोबॅक्टर एरोजिनिस’ म्हणून पाठ केलेला जिवाणू २०१७ पासून क्लेबसिएला एरोजिनिस झाला आहे. जनुकांनी नातं दाखवलं आणि पाटी बदलली. नळ्यांमधलं त्याचं वागणं मात्र आहे तेच आहे.

५. ताप चढवून पाहणं

चार नळ्यांपेक्षा झटपट काही हवं होतं. ते ख्रिस्तियान आयकमान यांच्या १९०४ च्या कामातून मिळालं. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले कोलिफॉर्म ४६ अंशांनाही आंबवण्याचं काम करतात, मातीतल्या बहुतेकांना ते झेपत नाही, असं त्यांनी दाखवलं. पुढे हे तापमान ४४ ते ४४.५ अंशांवर स्थिरावलं. पाण्याच्या टाकीत नळ्या बुडवून तापमान अर्ध्या अंशाच्या आत राखावं लागतं, एवढीच कटकट. जाता जाता सांगायचं तर आयकमान यांना १९२९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि वर आलेल्या हार्डन यांना त्याच वर्षी रसायनशास्त्राचं. दोघांनाही या नळ्यांसाठी नव्हे, जीवनसत्त्वं आणि किण्वन यांवरच्या कामासाठी.

या चाचणीत टिकणाऱ्यांना बरीच वर्षं ‘विष्ठाजन्य कोलिफॉर्म’ म्हणत. मग कागद कारखान्यांच्या सांडपाण्यात, जिथे विष्ठेचा संबंध नव्हता, तिथेही उष्णता सोसणारे क्लेबसिएला सापडू लागले. तेव्हापासून ‘उष्णतासह कोलिफॉर्म’ हे सावध नाव रूढ होत गेलं. मला हा बदल योग्य वाटतो. चाचणीने जेवढं दाखवलं तेवढंच नावाने बोलावं.

६. आजची नळी

आता अनेक प्रयोगशाळांत इम्विकची माळ लावत नाहीत. थेट विकरांनाच प्रश्न विचारतात. १०० मिलिलिटर पाण्यात एक भुकटी टाकतात. तीत दोन रसायनं असतात. लॅक्टोज फोडणारं विकर पहिल्याला तोडतं आणि पाणी पिवळं होतं: कोलिफॉर्म आहेत. ग्लुकुरोनिडेज हे विकर, जे कोलिफॉर्मपैकी मुख्यतः ई. कोलायकडेच असतं, दुसऱ्याला तोडतं आणि अतिनील दिव्याखाली पाणी निळसर चमकतं: ई. कोलाय आहे. दिवसभरात दोन्ही उत्तरं. यालाही अपवाद आहे आणि तो बोचरा आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये हॅम्बर्गरमधून पसरलेल्या आजारात प्रथम ओळखला गेलेला, मूत्रपिंडावर घाला घालणारा ओ१५७:एच७ हा ई. कोलायचा प्रकार सहसा चमकत नाही. सुदैवाने विष्ठेतून तो आला तर चमकणारे साधे ई. कोलायही सोबत असतात.

गावपातळीवर मात्र वेगळीच बाटली भेटते: काळी पडणारी. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. बाटलीतला कागद गंधकाच्या आणि लोहाच्या क्षारांत भिजवून वाळवलेला असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी ठेवायचं, काळं झालं तर पाणी दूषित. वीज नको, इन्क्युबेटर नको. पण कोण काळं करतं? ई. कोलाय नव्हे, तो सहसा हायड्रोजन सल्फाइड बनवत नाही. काम करतात सिट्रोबॅक्टर, साल्मोनेला आणि आतड्यातले असेच इतर. म्हणजे ही बाटली कोलिफॉर्मची चाचणी नाही. ती विष्ठेच्या सोबत्यांची चाचणी आहे आणि प्राथमिक इशारा म्हणून उत्तम आहे. ती काळी पडली की नमुना प्रयोगशाळेत जायला हवा.

तर फळ्यावरचा तो कागद पुढच्या वेळी वाचताना एवढं करा. ‘एकूण कोलिफॉर्म’ या ओळीवर थांबू नका, खाली ‘ई. कोलाय’ किंवा ‘उष्णतासह कोलिफॉर्म’ ही ओळ आहे का ते पाहा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात या ओळीतलं काहीही आढळता कामा नये. इथे ‘थोडं असलं तर चालतं’ असं काही नाही. ती ओळ सदोष असेल तर पाणी उकळून प्या, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा आणि नळाच्या शेवटच्या टोकाला उरलेला क्लोरीन तपासायला लावा, तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. आणि ती ओळच अहवालात नसेल, तर नमुना पुन्हा पाठवून ई. कोलायची तपासणी करून मागा.